साडेसव्वीस किलो सोडा

मोहननगर, चिंचवड
५ नोव्हेंबर २०२५

प्रिय दादा,

सप्रेम जय भीम.

मुलाखतीला आलं की आई जाळीपलीकडून तुला बघून रडते, तू तिला समजावतोस, आणि आपली वेळ संपते. मला बोलायला एक मिनिट मिळत नाही. म्हणून हे पत्र. इंदुताई वकील म्हणाल्या, तुरुंगात पत्रं उघडून वाचतात, जपून लिही. म्हटलं, वाचू देत की! माझ्या भावानं लपवण्यासारखं काही केलेलंच नाही.

आई ठीक आहे असं तुला सांगते ते खोटं आहे. सकाळी भोसरीला बोल्ट पॅकिंगला जाते, संध्याकाळी येते, आणि तीन ताटं मांडते. मग एक उचलून ठेवते. दिवाळीला शेजारचा आकाशकंदील आपल्या खिडकीसमोर होता, तोही तिला सहन होईना, पडदा ओढून बसली.

दादा, मला एका गोष्टीचा इतका संताप येतो की झोप लागत नाही. चौदा ऑक्टोबरला तुझ्या निघोज्याच्या प्लेटिंग कंपनीत टाकीचा स्फोट झाला, वेल्डर जयसिंगभाऊ जागीच गेले, आणि तिसऱ्या दिवशी तुला धरून नेलं. कंपनीचे मालक दौलतरावशेठ आठवड्यात जामिनावर सुटले. तू, सव्वीस वर्षांचा केमिस्ट, वीस दिवस आत. का, तर 'टाकी सुरक्षित आहे, वेल्डिंगला हरकत नाही' या कागदावर सही तुझी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

इंदुताईंचं म्हणणं साधं आहे. तू सही केलीस तेव्हा टाकीतलं ॲसिड खरंच मेलेलं होतं, हे आकड्यांनी दाखवता आलं तर तुझी सही खरी ठरते, आणि जामीन मिळतो. राजगुरुनगरच्या कोर्टात नऊ डिसेंबरला तारीख आहे. आमच्या कॉलेजचे केमिस्ट्रीचे सर गणित तपासून सही करायला तयार आहेत, पण गणित मांडायचं मलाच. आणि मोल म्हटलं की मी वहीच मिटते हे तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही! बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असले म्हणून काय झालं. तेव्हा पहिल्यापासून लिही. मी अकरावीत आहे असं समजून लिही.

तुझी,
मिनल

---

मध्यवर्ती कारागृह, पुणे
१२ नोव्हेंबर २०२५

चि. मिनू,

जय भीम. पत्र मिळालं. तीनदा वाचलं. बराकीतल्या एकानं विचारलं, बायकोचं का? म्हटलं, माझ्या मास्तरणीचं.

मोलला घाबरू नकोस. आई दिवसभर काय करते? पेटीतले हजार बोल्ट एकेक मोजत नाही, काट्यावर टाकते. एका बोल्टचं वजन माहीत असलं की पेटीचं वजन सांगतं आत किती बोल्ट आहेत. मोल म्हणजे तेच. कण मोजता येत नाहीत, म्हणून वजन करायचं आणि भागायचं. किती नग लागतात ते समीकरण सांगतं, पण ते आधी संतुलित पाहिजे. डावीकडे जेवढे अणू, उजवीकडे तेवढेच. हे झालं की उरतो तो साधा गुणाकार-भागाकार.

आता त्या दिवशीचं. ज्या ब्रॅकेटवरचं प्लेटिंग पार्टी, म्हणजे माल घेणारी कंपनी, नापास करते, ते आम्ही जाळीत भरून ॲसिडच्या टाकीत सोडतो. त्यावरचा जस्ताचा थर विरघळतो आणि हायड्रोजन निघतो. टाकी उघडी असते, पंखा चालू असतो, हायड्रोजन हलका, वर निघून जातो. रोजचं काम. त्या सकाळी भरलेली जाळी खाली सोडताना ती टांगायचा टाकीवरचा रूळ मोडला आणि जाळी ब्रॅकेटसकट तळाशी जाऊन बसली. रूळ जोडल्याशिवाय जाळी निघत नव्हती. ॲसिड उपसावं, तर सांडपाण्याची टाकी काठोकाठ भरलेली. दुपारी तीनला पार्टीचे लोक ऑडिटला येणार. शेठ म्हणाले, ॲसिड जागेवरच मार आणि वरून वेल्डिंग करून घे.

ॲसिड मारायचं म्हणजे सोडा टाकायचा. समीकरण लिहून घे: Na₂CO₃ + 2HCl → 2NaCl + H₂O + CO₂. त्या HCl च्या आधीचा दोन विसरू नकोस, तू नेहमी तोच विसरतेस. सोड्याच्या एका मोलला ॲसिडचे दोन मोल लागतात.

टाकीत हजार लिटर. सकाळी मी स्वतः टायट्रेशन केलं होतं, एका लिटरमागे अर्धा मोल ॲसिड. म्हणजे एकूण पाचशे मोल. ते मारायला सोड्याचे अडीचशे मोल. सोड्याच्या एका मोलचं वजन एकशे सहा ग्रॅम. अडीचशे गुणिले एकशे सहा, साडेसव्वीस किलो. स्टोअरच्या सोनबाकाकांना चिठ्ठी दिली, साडेसव्वीस किलो तोलून टाका. त्यांनी टाकला. भसाभस फेस आला, आणि थांबला. पीएचची पट्टी बुडवली. सात. मग सही केली. ठिणग्या आत पडू नयेत म्हणून टाकीवर पत्रे टाकले, आणि जयसिंगभाऊ वर चढले.

ॲसिड मेलं होतं, म्हणजे जस्त विरघळणार नाही, म्हणजे हायड्रोजन नाही. मग पत्र्याखाली कुठला गॅस पेटला? त्यांच्या गॅसकटरची नळी गळत असणार. दुसरं कारण उरतच नाही. हे इंदुताईंना सांग. लिहिताना मला वाईट वाटतं. ते मला 'केमिस्टसाहेब' म्हणायचे आणि स्वतःच्या चहातला अर्धा माझ्या कपात ओतायचे. पण गणित गणित असतं.

सोनबाकाकांना भेटून वजनाची खात्री करून घे. आईला म्हणावं, ताटं दोनच मांड.

तुझा,
सिद्धेश

---

मोहननगर
१९ नोव्हेंबर २०२५

प्रिय दादा,

जय भीम! आधी आनंदाची गोष्ट. गणित सुटलं! साडेसव्वीस हजार ग्रॅम भागिले एकशे सहा, बरोबर अडीचशे मोल. दुणे पाचशे. टाकीतलं ॲसिड पाचशे. वजाबाकी शून्य. मी ते शून्य इतकं मोठं काढलं की आई म्हणाली, भोपळा मिळाला का गं? म्हटलं, आई, असा भोपळा सगळ्यांना मिळो.

सरांनी पाहिलं, चष्मा वर करून म्हणाले, 'स्वच्छ आहे.' सही दिली. इंदुताई तर म्हणाल्या, पहिल्यांदाच एखादा अशील आकड्यांवर सुटेल. कंपनीचे वकीलही नळीचंच म्हणणार आहेत, शेठला तेच हवंय. म्हणजे दोन्ही बाजू एक झाल्या. सरकारी वकील एकटे काय करणार?

सोनबाकाकांकडे निघोज्याला जाऊन आले. भोसरीहून चाकणची बस, पुढं सहा आसनी रिक्षा. काका भलतेच चिडले होते. 'मी म्हातारा झालो म्हनून काय काटा बघत न्हाई का? साडेसव्वीस म्हंजी साडेसव्वीस, तोळाभर इकडं न्हाई, तोळाभर तिकडं न्हाई,' असं तीनदा म्हणाले. नंतर चहा दिला. काकूंनी तर त्या सोड्याचं कौतुकच केलं. नेहमीचा माल संपला होता म्हणून त्या आठवड्यात दुसऱ्या दुकानातून नवी गोण आली होती, त्यातला मूठभर काकांनी घरी नेला होता. काकू म्हणाल्या, 'खडं पार खडीसाखरेवानी, हाताला गार नि वलं लागायचं. वाटीत उघडं ऱ्हायलं, तर वरनं पांढरं पीठ झालं बघ. गोधड्या धुतल्या, लई झ्याक निघाल्या.' बघ, तुझ्या सोड्यानं कुणाच्या तरी गोधड्या तरी स्वच्छ झाल्या!

एक गोष्ट मात्र मनाला लागली. परत येताना मी चऱ्होलीला उतरले, जयसिंगभाऊंच्या घरी. इंदुताईंना नळी कधीची होती ते हवं होतं. त्यांची बायको, सरूबाई, दारातच बसली होती. मी कोण ते सांगितलं, तरी आत बोलावलं. नळीचं विचारलं तर म्हणाली, 'दसऱ्याला नवी आणली हुती त्यांनी. हत्यारांची पूजा केली तवा मी सोता हळदकुंकू लावलं त्या नळीला. धा-बारा दिवस झालं हुतं तिला.' दादा, नवी नळीही गळू शकते ना? कुठंतरी सैल बसली असेल. नळी तर स्फोटात जळून गेली, आता तपासणार कोण.

मला तुझा जीव आणि त्यांचं नाव यातलं एक निवडायचं होतं. मी तुझा जीव निवडला. तुझी बहीण आहे मी, दुसरं काय करणार?

तुझी,
मिनल

---

मध्यवर्ती कारागृह, पुणे
२५ नोव्हेंबर २०२५

चि. मिनू,

जय भीम. पत्र मिळालं. गणित आहे तसंच दे. पुन्हा मांडू नकोस.

सोनबाकाकांकडे परत जाऊ नकोस. उगाच म्हाताऱ्याला त्रास. ती गोण त्यांच्याकडे असली तर असू दे, मागू नकोस. सरूबाईंकडेही जाऊ नकोस.

मला दोन दिवस ताप होता, आता बरा आहे. डाळ पातळ असते. आईला स्वेटर पाठवायला सांग, पहाटे थंडी वाजते.

सिद्धेश

---

मोहननगर
३० नोव्हेंबर २०२५

प्रिय दादा,

जय भीम. एवढंसं पत्र? तू मला पीएचडीच्या प्रबंधाएवढी पत्रं लिहितोस म्हणून मी मैत्रिणींना मिरवते, आणि हे काय, रेशनच्या यादीसारखं! ताप आला होता तर आधी का नाही कळवलंस? स्वेटर दिलाय, निळा, कोपराला रफू केलेला. आई रफू करताना सारखी म्हणत होती, आता काय, नऊ तारखेला घरीच येतोय.

आपल्या घरी सगळे तसंच बोलतात. आई गॅसजवळची भिंत पुसून काढते. मावशीनं वडाळ्याहून फोन करून विचारलं, कोंबडं आणू का. मी हसते आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडते, कारण मला भीती वाटते. इतकं सगळं आपल्या बाजूनं कधीच नसतं.

तू सरूबाईंकडे जाऊ नकोस म्हणालास, पण तीच आली. शुक्रवारी, चऱ्होलीहून दोन बस बदलून. चप्पल बाहेर काढून उंबऱ्यातच उभी राहिली. आई घाबरली, तिला वाटलं भांडायला आली. ती म्हणाली, 'कंपनीनं गावात सांगितलंय की माझ्या मालकाच्या चुकीनं झालं. सासूबाई मला बोलत्यात, तू त्याला हलकी नळी घ्यायला लावली आसशील. दिरानं बोलणं टाकलंय. बाई, मला कुनाकडनं काय बी नगं. पर त्यो मानूस नळी साबणाच्या पाण्यानं तपासल्याबिगर काडी पेटवायचा न्हाई. वीस वर्सं बघितलंय मी. तुमी शिकल्याल्या हाय, तुमाला ठावं आसंल तर सांगा.' 

मी म्हटलं, मला काही ठाऊक नाही. आईनं तिला पाणी दिलं. तिनं पेला दोन्ही हातांनी धरला होता. गेल्यावर आई म्हणाली, 'त्या बाईचं वाईट झालं, पण त्याला माझं लेकरू काय करणार?' मीही तेच म्हटलं. रात्री जेवण गेलं नाही.

आता कामाचं. गणितात ॲसिड शून्य आलं आणि तुझी पट्टी सात दाखवत होती, म्हणजे दोन वेगवेगळ्या वाटांनी एकच उत्तर. सर म्हणतात, हाच सगळ्यात भक्कम मुद्दा. त्यांना तुझ्या हातचं दोन ओळींचं लिहून हवंय. पट्टी किती वाजता बुडवली, कुठला रंग आला. बस, तेवढंच. गुरुवारी चार तारखेला आई मुलाखतीला येईल तेव्हा तिच्याजवळ दे. माझी परीक्षा आहे, मला येता येणार नाही.

आणि सोबत गणिताची प्रत पाठवतेय. तू नको म्हणालास तरी एकदा तपास ना, अकरावीत लाल पेनानं तपासायचास तसं. सरांनी सही केली तरी तू 'बरोबर' लिहिल्याशिवाय मला काही बरोबर वाटत नाही.

तुझी,
मिनल

---

मध्यवर्ती कारागृह, पुणे
६ डिसेंबर २०२५

चि. मिनू,

जय भीम. आज सहा डिसेंबर. सकाळी बराकीत आम्ही सातआठ जण उभे राहिलो, एकानं वंदना म्हटली. दरवर्षी आज आपण तिघं कुठं असतो ते आठवलं. नंतर कागद मागून घेतला.

गुरुवारी आई आली होती. तू लिहून मागितलेल्या दोन ओळींबद्दल ती विचारत होती. मी म्हणालो, पेन नव्हतं. पेन होतं.

तुझं गणित तपासलं. चुकलं आहे.

वजाबाकी, गुणाकार, समीकरण, सगळं बरोबर. दोनही विसरली नाहीस. चूक एकाच आकड्यात आहे, एकशे सहा. ती चूक तुझी नाही, माझी आहे, तू फक्त माझा आकडा घेतलास. एकशे सहा हे कोरड्या सोड्याचं वजन, जो पिठासारखा असतो, आम्ही नेहमी वापरतो तो. काकूंनी तुला सांगितला तो तसा नव्हता. खडीसाखरेसारखे ओलसर खडे, उघड्यावर ठेवले की वरून पीठ होणारे. मिनू, तो धुण्याचा सोडा. शाळेच्या पुस्तकात आहे, मीच तुला पाठ करून घेतला होता. त्याच्या प्रत्येक मोलमागे पाण्याचे दहा मोल असतात. स्फटिकजल. Na₂CO₃·10H₂O. त्याचं वजन एकशे सहा नाही, दोनशे शहाऐंशी.

आता पुन्हा मांड. साडेसव्वीस हजार भागिले दोनशे शहाऐंशी, त्र्याण्णव मोल. अडीचशे नाही. साडेसव्वीस किलोतलं साडेसोळा किलोच्या वर नुसतं पाणी होतं. त्र्याण्णव मोलांनी मारलं एकशे शहाऐंशी मोल ॲसिड. पाचशेतून गेलं. तीनशे चौदा मोल जिवंत. खाली जस्ताची जाळी, वर पत्रे.

पुढचंही मांडतो, म्हणजे कुणाला शंका नको. Zn + 2HCl → ZnCl₂ + H₂. जस्ताचा एक मोल, पासष्ट ग्रॅम, हायड्रोजनचा एक मोल देतो, साधारण बावीस लिटर. ॲसिड आणि पत्रे यांच्यामध्ये पाचशे लिटरची जागा होती. हवेत शंभरात चार भाग हायड्रोजन झाला की तो पेटतो. पाचशेतले वीस लिटर. म्हणजे एक मोलसुद्धा नको. मूठभर जस्त पुरतं, आणि जाळीतल्या ब्रॅकेटवर किलोंनी होतं. जयसिंगभाऊंची नळी धडधाकट असली काय, नसली काय, पहिली ठिणगी पडताच ते जाणारच होते.

तू म्हणशील, गोण बदलली हे तुला कसं कळणार. सोनबाकाकांना वाचता येत नाही, त्यांनी सांगितलं तेवढं तोललं. त्यांना कुणी बोल लावू नये. मी वर लॅबमध्ये ऑडिटच्या फायली लावत होतो. जिन्यावरून पाहिलं, फेस थांबलाय. फेस थांबला म्हणजे दोघांतलं एक संपलं, ॲसिड तरी नाहीतर सोडा तरी. कोण संपलं ते फेस सांगत नाही, पट्टी सांगते. म्हणूनच पट्टी बुडवायची असते.

मी पट्टी बुडवली नाही.

खाली शेठ घड्याळ दाखवत होते, जयसिंगभाऊ शिडी धरून उभे होते, म्हणाले, 'केमिस्टसाहेब, चढू का?' मी गणित केलं होतं, गणितावर माझा भरवसा होता. कागदावर 'पीएच ७' लिहिलं, सही केली, म्हटलं, चढा. पट्टी बुडवायला दहा सेकंद लागतात. ती लालभडक झाली असती.

पहिल्या पत्रात तुला खोटं लिहिलं. तेव्हा मला खरंच वाटत होतं की ॲसिड मेलं होतं, पट्टी बुडवली असती तरी सातच आलं असतं. खोटं, पण कुणाचं नुकसान न करणारं, असं मनाला समजावलं. तुझं एकोणीस तारखेचं पत्र आलं आणि खड्यांचं वाचलं, त्याच मिनिटाला सगळं कळलं. ताप आला नव्हता. दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होतो. मग तुला लिहिलं, गोण मागू नकोस. कशासाठी लिहिलं ते तुला आता समजेल. मला बाहेर यायचं होतं. मला अजूनही यायचं आहे, मिनू. इथं राहवत नाही.

पण तू लिहिलंस, ती दोन्ही हातांनी पेला धरून पाणी प्यायली, आणि तुला काही ठाऊक नाही असं तू तिला सांगितलंस. तुला खरंच ठाऊक नव्हतं. मला होतं.

हा कागद इंदुताईंना दे. गोण मिळाली तर तीही. नऊच्या आत पोचेल की नाही माहीत नाही. खरं सांगू, लिहिताना मधेच वाटतं, न पोचलेलं बरं.

गणित तपासून दिलं आहे. लाल पेन मिळालं नाही.

दादा

---

मोहननगर
१० डिसेंबर २०२५

दादा,

काल तुझा जामीन झाला. कोर्टानं सरांची सही पाहिली, कंपनीच्या वकिलांनी नळीचं सांगितलं, वीस मिनिटांत झालं. उद्या सकाळी कागद तुरुंगात पोचतील आणि तुला सोडतील. मावशी कोंबडं घेऊन आली आहे. गल्लीतल्या बायका आईला मिठ्या मारून गेल्या.

तुझं सहा तारखेचं पत्र आज सकाळी आलं. मी दारातच उभ्या उभ्या वाचलं. मग आईला वाचून दाखवलं. पहिल्यांदा तिला कळेना, मोल काय नि खडे काय. मग मी म्हटलं, आई, टाकी जिवंत होती आणि दादानं तपासलं नव्हतं. ती बराच वेळ भांडी लावत राहिली. मग म्हणाली, 'जाळ ते. पोर घरी येतंय.' माझ्या हातातून कागद घेतला आणि गॅस पेटवला. मी जन्मात पहिल्यांदा आईचा हात पिरगाळला. तिच्या मनगटावर वळ उठलाय. तू पाहशील तेव्हा कशाचा ते तुला माहीत असावं.

तुझा आकडा मी पुन्हा मांडून पाहिला. त्र्याण्णव येतो. चार वेळा केलं, दर वेळी वाटलं, चुकलं असेल. नाही चुकलं. सोनबाकाकांची गोणही मिळाली, काकूंनी शेळीखाली अंथरली होती. त्यावर छापलेलंच आहे, मोठ्या अक्षरात, धुण्याचा सोडा.

मग चऱ्होलीला गेले. सरूबाईंना तुझं पत्र वाचून दाखवलं, सगळं, पट्टीचंही. मोल तिला समजले नाहीत. पाणी समजलं. म्हणाली, 'मंजी सोड्यात पानी हुतं, नि त्यानं बघितलं न्हाई.' म्हटलं, हो. मग तिनं एकच विचारलं, 'नळी चांगली हुती ना?' मी म्हटलं, चांगली होती. ती तोंडाला पदर लावून अशी रडली की शेजारच्या बायका धावत आल्या. त्यांना वाटलं मी काहीतरी बोलले. ती त्यांना एवढंच सांगत होती, 'ह्यांची नळी चांगली हुती. ही लेखी देनार हाय.' तुझ्याबद्दल एक शब्द बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मी तुझा राग करत नाही असं लिहायला बसले होते. करते. खूप करते. दहा सेकंदांचा राग करते. त्याहून जास्त, माझं एकोणीस तारखेचं पत्र पोचल्यापासून तू गप्प बसलास त्याचा करते. गुरुवारी आई समोर उभी होती, तोंडानं सांगता आलं असतं, नऊच्या आधी. तरी तू लिहिलंस. मी तो कागद उशीखाली घेऊन झोपणार आहे, कारण तुझ्यात जे चांगलं आहे ते सगळं त्याच कागदावर आहे.

इंदुताईंना फोन केला. म्हणाल्या, 'हे दिलंस तर जामीन जाईल, खटलाही जाईल, आणि मला वकीलपत्र सोडावं लागेल.' मग थोड्या वेळानं त्यांनीच परत फोन केला. म्हणाल्या, वकीलपत्र सोडत नाही. बाकीचं तसंच आहे. तुला पुन्हा आत जावं लागेल, उद्या की महिन्यानं, हे त्यांनाही सांगता येत नाही.

सरांनाही भेटले. त्यांनी स्वतःच्या सहीवर काट मारली. मला म्हणाले, गोणीत काय होतं हे मी विचारायला हवं होतं.

उद्या आई आणि मावशी तुला न्यायला येतील. हे पत्र आईच्या हाती देतेय. मी नसेन. अकरा वाजता सरूबाईंना घेऊन मला पोलीस चौकीत जायचं आहे, तुझं पत्र, गोण आणि दुरुस्त केलेलं गणित द्यायला. आईला सांगितलंय, पत्र त्याला जेवण झाल्यावर दे, आधी नको. दादा, पोटभर जेव.

मिनल